आपल्या उंबरठ्याचा आकडा

30 ऑगस्ट 2020, रविवार. घरोघरी गणपती बसलेले आणि आमच्या गावात दुपारी चक्क ऊन पडलेलं. पाऊस आमच्याकडे नव्हता. तो वर मध्य प्रदेशात, सिवनी-बालाघाटकडे कोसळत होता. संजय सरोवर धरणाचं पाणी वैनगंगेत आलं आणि खाली गोसीखुर्द धरणाचे 33च्या 33 दरवाजे उघडले. मोबाईलवर मेसेज आला, "नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे." आम्ही तो वाचला, पुढे पाठवला. पण सतर्क राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून रात्री दोनदा उठून अंगणातून नदीच्या दिशेनं बॅटरी मारून पाहिली. पहाटे साडेतीनला पाणी घरात आलं, ते मागच्या नाल्याकडून. नदी फुगली की नाल्याचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही, ते उलटं गावाकडे ढकललं जातं. आम्ही सगळे नदीकडे तोंड करून बसलो होतो.

जीव वाचले. ढोलीतलं (कणगीतलं) धान, शिलाई मशीन, मुलांचे दाखले, सासूबाईंची औषधं, सगळं गेलं. बांधीतलं, म्हणजे शेतातलं उभं, धान आठ दिवस पाण्याखाली राहून कुजलं.

मी बचत गटाचे हिशोब लिहिते. इंजिनियर नाही, कोणत्या संस्थेत नोकरीलाही नाही. आमचं गाव पवनीच्या खाली आणि वडशाच्या वर, वैनगंगेच्या काठाला आहे. गेल्या तीन वर्षांत आमच्या गावानं स्वतःची पूरसूचना उभी केली. सुरुवात कुठून करावी, कोणत्या टेबलावर अर्ज द्यावा, किती पैसे लागतात, हे सांगणारं तेव्हा कोणी भेटलं नाही. म्हणून तारखा, खर्च आणि झालेल्या चुका वहीतून उतरवून इथे लिहिते आहे.

2022च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये खालच्या टोलीत, म्हणजे खालच्या वस्तीत, पुन्हा पाणी शिरलं. त्यानंतर 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आम्ही सात बायका उठलो आणि गावाला भोंगा हवा अशी मागणी केली. सरपंचताई लगेच हो म्हणाल्या. ग्रामसेवक भाऊंनी मात्र नियम समजावला. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. उरलेला अबंधित निधी वापरता येत होता, पण काम ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात असलं तरच. चालू वर्षाचा आराखडा केव्हाच पोर्टलवर चढला होता, म्हणजे आमचं काम 2023-24 मध्येच घेता येणार होतं. मी तेव्हा फार निराश झाले. आणखी एक पावसाळा असाच जाणार, एवढंच डोक्यात आलं.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी आराखड्याच्या ग्रामसभेआधीच, म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान, मागणी लेखी द्यावी. तिची एक प्रत आपल्याकडे ठेवून तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. ठराव झाला की त्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. पुढच्या प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न "ठराव क्रमांक?" हाच येतो.

पैसे यायला वेळ होता, पण पैशाविना होणारी कामं बरीच होती. त्या हिवाळ्यात मी नदी शिकले.

माझं माहेर भंडाऱ्याजवळ, कारध्याच्या पुलापासून जवळ. कारध्याला वैनगंगेची धोक्याची पातळी 245.50 मीटर आहे, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. माझ्या भावाला मी सांगितलं, पावसाळ्यात रोज सकाळ-संध्याकाळ मला पातळी कळव. मग कागदावर नदीचं सगळं गोत मांडलं. सिवनी जिल्ह्यातलं संजय सरोवर, मग बाघ नदी येऊन मिळते, मग धापेवाडा, मग कारधा. पुढे आंभोऱ्याला कन्हान येते आणि कन्हानमध्ये पेंचचं पाणी असतं, म्हणजे पेंचवरच्या तोतलाडोह धरणाचे दरवाजे उघडले तरी आपल्याला हिशोबात धरावं लागतं. हे सगळं गोसीखुर्दमध्ये जमा होतं आणि तिथून आमच्याकडे येतं. आमच्या वहीतल्या नोंदींप्रमाणे गोसीखुर्दचा विसर्ग वाढल्यापासून आमच्या घाटावर पाणी चढायला सहा ते नऊ तास लागतात. नदी आधीच भरलेली असली तर त्याहून कमी. हा आकडा आमच्या गावाचा आहे, तो तुमच्या गावाला लावू नका. एका पावसाळ्यात धरणाच्या मेसेजची वेळ आणि घाटावरच्या पाण्याची वेळ शेजारी-शेजारी लिहीत गेलात की तुमचा आकडा तुम्हाला मिळेल.

पण हे सगळं कळूनही एक गोष्ट अडत होती. कारध्याचे 245.50 मीटर समुद्रसपाटीपासून मोजलेले. गोसीखुर्दचा विसर्ग क्युमेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनमीटर पाणी सुटतं त्यात. माझ्या सासूबाईंनी मला एकदा विचारलं, "हे सारं खरं आहे, पण मंग आपल्या उंबरठ्याले पानी कवा लागते ते सांग ना." मला सांगता आलं नाही. तिथून पुढचं काम त्या प्रश्नाभोवती फिरलं.

आमच्या टोलीत मारुतीचं देऊळ आहे. त्याच्या भिंतीवर 2020च्या पुराची मातीची रेघ राहिली होती. रंगरंगोटी करताना तेवढा पट्टा पुसू नका अशी आम्ही पुजारीबाबांना विनंती केली होती, आणि त्यांनी ती पाळली. ही रेघ घाटापर्यंत न्यायची आणि घाटावरून प्रत्येक घरापर्यंत, असं ठरलं. पण उंची मोजायची कशी? गावातल्या मिस्त्रीकाकांनी सोपा मार्ग दाखवला. घराचं जोतं समपातळीत घ्यायला ते जी पारदर्शक नळी वापरतात, तीच.

एप्रिल 2023मध्ये तीन दिवस हे काम चाललं. 20 मीटरची अर्ध्या इंचाची नळी घेतली, 340 रुपये लागले. त्यात पाणी भरलं आणि दिसावं म्हणून चिमूटभर कपड्यांची नीळ घातली. नळीत एक जरी बुडबुडा राहिला तरी माप चुकतं. म्हणून मिस्त्रीकाका नळी खांद्यावर घेऊन दोन्ही टोकं वर धरायचे आणि बोटानं टिचक्या मारत बुडबुडे वर सरकवायचे. एक टोक देवळाच्या रेघेला, दुसरं पंधरा मीटरवर रोवलेल्या बांबूला. दोन्हीकडचं निळं पाणी हललं, खालीवर झालं आणि हळूहळू थांबलं. थांबलं तिथे बांबूवर खूण. मग पहिलं टोक उचलून पुढे. देवळापासून घाटापर्यंत अशा अठरा उड्या झाल्या. ऊन एवढं होतं की दुपारी नळीतलं पाणी कोमट व्हायचं. म्हणून आम्ही सकाळी सहा ते दहाच काम केलं. घाटावर पोहोचल्यावर काका म्हणाले, "आता वापस चला." आलो तसेच मोजत परत देवळापर्यंत गेलो, तेव्हा तीन सेंटीमीटरचा फरक निघाला. एवढा चालतो, असं त्यांचं मत पडलं. ही उलट मोजणी कोणी टाळू नये. वाटेत कुठे चूक झाली असेल तर ती तिथेच सापडते.

उन्हाळ्यातलं सगळ्यात खालचं पाणी आम्ही शून्य धरलं. त्या हिशोबानं 2020ची रेघ 6.4 मीटरवर आली.

मग घरं. नळी घेऊन दारोदार गेलो आणि प्रत्येक उंबरठ्याची उंची काढून दाराच्या चौकटीवर पांढऱ्या रंगानं लिहिली. 5.4. 4.9. 6.1. घाटावर पाण्याची उंची मोजायची पट्टी लावायची होती; तिच्यावर पाणी त्या आकड्याला आलं की ते त्या दारात येणार. सगळ्यात खालचा आकडा 4.3 निघाला. आमचा 5.1.

हे वाटतं तेवढं सरळ झालं नाही. पहिल्याच दिवशी चार घरांनी लिहू दिलं नाही. त्यांची भीती खोटी नव्हती. जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा असते. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. त्या रेषेत घर आलं की बांधकामाला परवानगी मिळत नाही, हे लोकांनी ऐकलेलं. दारावर आकडा लागला तर उद्या घरकुल नाकारतील, नाहीतर उठा म्हणतील, असं त्यांना वाटलं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. हा आकडा सरकारी नाही, कोणत्याही कार्यालयात जाणार नाही, असं ग्रामसभेच्या वहीत लिहून सरपंचताईंची सही घेतली आणि ते पान त्यांना वाचून दाखवलं. दोन घरांनी मग लिहू दिलं. उरलेल्या दोघांचे आकडे आम्ही फक्त आमच्या वहीत ठेवले.

मोजणीत सगळ्यात मोठी गोष्ट हाती आली ती घरांची नव्हे, रस्त्याची. गावातून बाहेर पडायच्या वाटेवर नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका पूल, आहे. तो 3.1 वर बुडतो. म्हणजे पहिल्या घरात पाणी शिरायच्या 1.2 मीटर आधीच गाव तुटतं. गरोदर बाई, दम्याचा पेशंट, डायलिसिसला जाणारा माणूस यांना बाहेर काढायचं तर ते 3.1च्या आत. पूर म्हटला की सगळ्यांचं लक्ष घराकडे असतं. माझं सांगणं आहे, आधी तुमच्या रपट्याचा आकडा काढा.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते. जवळच्या पुलाच्या खांबावर पट्टी रंगवायची म्हणून अर्ज केला. एका कार्यालयानं दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिसरीकडे. डिसेंबर 2022 ते मे 2023 मध्ये माझ्या सहा फेऱ्या झाल्या. 17 मार्च 2023पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणून शेवटच्या फेऱ्या निम्म्या पैशांत झाल्या. पुलाची लेखी परवानगी आजतागायत हातात आलेली नाही. एका कारकून दादांनी शेवटी कळकळीनं सांगितलं, "ताई, पूल सोडा. तुमच्या हद्दीतल्या घाटावर खांब लावा, त्याला ग्रामपंचायतीचा ठराव पुरतो." हे पहिल्या फेरीत कळलं असतं तर पाच महिने वाचले असते.

घाटाचा उतार मोठा, म्हणून एका खांबानं भागत नाही. खालचा 0 ते 3, मधला 3 ते 5, वरचा 5 ते 7 असे तीन खांब केले. लोखंडी अँगल, सिमेंट, गिट्टी, मजुरी मिळून 11,200 रुपये. हातानं फिरवायचा सायरन 9,500 आणि दोन मेगाफोन 4,600. हे 25,300 रुपये ग्रामपंचायतीनं अबंधित निधीतून दिले. त्यासाठी तीन दरपत्रकं लागली आणि सरपंच-ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सह्या होईपर्यंत दुकानदार थांबला. रंग-ब्रश 1,860, दोन पर्जन्यमापक 2,300, आठ बॅटऱ्या 3,200, छपाई आणि वह्या 740. हे 8,100 लोकवर्गणीतून. घरटी 50 रुपये ठरले, 138 घरांनी दिले आणि कमी पडलेले 1,200 आमच्या गटानं व्याजाच्या रकमेतून घातले. नळीचे 340 मिस्त्रीकाकांनी घेतलेच नाहीत. सायरन मुद्दाम हाताचा घेतला, कारण पुराच्या रात्री सगळ्यात आधी लाईट जाते.

पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचतो, हवामान खातं वाचतं त्याच वेळेला. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेलं की महसूलच्या भाषेत अतिवृष्टी. आमच्या मापकानं नदीचं काही कळत नाही, फक्त नाल्याचं कळतं. नदी कोरड्या आभाळाखाली येऊ शकते. दोन्ही एकाच दिवशी वाढले तर सगळ्यात वाईट.

माणसांची मांडणी नऊ जणांची केली. सहा बायका, तीन पुरुष, प्रत्येकाकडे सात-आठ घरं. कोणत्या घरात म्हातारं माणूस, कुठे बाळंतीण, कुठे किती ढोरं, हे ज्याच्या-त्याच्या कागदावर. रात्री घाटावर जायचं काम ढिवरटोलीतल्या दोन मासेमार काकांनी घेतलं. त्यांचे डोंगे तिथेच बांधलेले असतात आणि नदीचा आवाज बदलला की त्यांना झोपेतही कळतं. ते कोणत्याही पट्टीविना सांगायचे, "आज पानी गढूळ होऊन फेस येऊन राह्यला, वरून काहीतरी सुटलं." आम्ही ती खूणही वहीत लिहायला लागलो. नुसता आकडा लिहिणाऱ्या वहीपेक्षा ती वही जास्त कामाची ठरली.

11 जून 2023ला, रविवारी, पहिली रंगीत तालीम झाली. कोरड्या दिवशी सायरन साऱ्या गावात ऐकू गेला आणि सगळे खूश झाले. दहा-बारा दिवसांनी मुसळधार पावसात पुन्हा वाजवून पाहिला, तर शंभर पावलांवरच्या घरातही पोहोचला नाही. आमच्याकडे बहुतेक घरांवर टिना आहेत. टिनांवर पाऊस वाजत असला की आत बोललेलंही ऐकू येत नाही. त्या दिवसापासून नियम केला, सायरन फक्त नऊ जणांना उठवायला. घरं उठवायची ती दारावर थाप मारून आणि थाळी वाजवून. सरावाची तालीम पावसातच घ्या.

आता माझ्या हातून झालेली चूक. जुलै 2023मधली एक रात्र. ग्रुपवर मेसेज आला, गोसीखुर्दचा विसर्ग "1 लाख 20 हजार". पुढे एकक नव्हतं. माझ्या वहीत सगळे आकडे क्युमेकमध्ये, म्हणजे हजारांत. लाखाचा आकडा पाहून माझ्या पायाखालची जमीन सरकली. कोणाला न विचारता मी सायरन फिरवायला लावला. रात्री साडेअकराला लोक लेकरं काखेत घेऊन, गायी सोडून जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. पाणी आलं नाही. तो आकडा क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला घनफुटांचा होता. एक क्युमेक म्हणजे सुमारे 35.3 क्युसेक, म्हणजे 1 लाख 20 हजार क्युसेक हे जेमतेम 3,400 क्युमेक. तेवढ्यात आमचा रपटासुद्धा बुडत नाही. एका घरची शेळी त्या अंधारात विहिरीत पडून मेली. त्या वहिनी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं.

मी राजीनामा द्यायला निघाले होते. ढिवरकाकांनी थांबवलं. ते म्हणाले, "बाई, घाटावर येऊन पट्टी पाह्यली असती तं हे झालं नसतं. पुढच्या बारीले मेसेज नको पाहू, पट्टी पाय." तेव्हापासून तीन पायऱ्या ठरल्या. मेसेज किंवा माहेरचा फोन आला की फक्त नऊ जण जागे होतात आणि घाटावर तासातासाला नोंद सुरू होते. पट्टी 2.5 झाली की आजारी आणि गरोदर माणसं रपट्यापलीकडे. पट्टी 4.0 झाली आणि पाणी चढतंच आहे, तेव्हाच सायरन. मेसेजला एकक नसेल तर तो ग्राह्य धरायचा नाही. आधी जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077वर फोन करून विचारायचं. शेळीचे पैसे आम्ही नऊ जणांनी मिळून दिले.

सप्टेंबर 2024. गणपती बसले होते आणि मंगळवारी 10 तारखेला महालक्ष्म्या यायच्या होत्या. सोमवारी दिवसभर पाऊस सुटला नाही, मापकाची नळी दोनदा रिकामी करावी लागली. दुपारी भावाचा फोन आला, कारध्याला पाणी झपाट्यानं चढतं आहे. चार वाजता काका घाटावर गेले. साडेसहाला पट्टी 2.5. ट्रॅक्टर काढला आणि दोन गरोदर बाया, एक दम्याचे आजोबा आणि डायलिसिसवाले भाऊ यांना रपट्यापलीकडे पाठवलं. आठ वाजून वीस मिनिटांनी रपटा बुडाला. रात्री धरणातून विसर्ग वाढवल्याचा मेसेज आला, या वेळी एककासहित. पावणेबाराला नेटवर्क गेलं.

त्यानंतर आमच्याकडे फक्त पट्टी होती. नोंदीचं पान आजही माझ्याजवळ आहे, पावसानं शाई पसरलेली. 12:15ला 3.85. 12:50ला 4.0. दहा मिनिटं थांबलो. पाणी चढतच होतं. एक वाजता सायरन.

माझ्या वाट्याला आठ घरं. त्यातलं एक आजींचं, त्या एकट्या राहतात. त्यांच्या चौकटीवर 4.6 लिहिलेला. थाळी वाजवली तेव्हा त्या जाग्याच होत्या, चुलीजवळ बसलेल्या. मी म्हटलं, आजी चला. "तू जा. मी असे पूर लय पाह्यले." मी हात धरला, तो त्यांनी सोडवला. वर्षभरापूर्वीच्या खोट्या सायरनची आठवण दोघींच्याही मनात होती, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मग त्यांनीच विचारलं, "पट्टी किती झाली?"

"4.1, आजी. सव्वा वाजले."

"तासाले किती चढून राह्यलं?"

"25 सेंटीमीटर."

त्यांनी बॅटरी घेतली आणि चौकटीवरच्या 4.6वर मारली. बोटांवर काहीतरी मोजलं. "मंग दोन तास हायेत. आधी बकऱ्या ने, मी देव अन् कागदं घेऊन येतो."

तीन वाजून दहा मिनिटांनी पाणी त्यांच्या उंबरठ्याला लागलं. मी ते शाळेच्या वाटेवरून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. तेव्हा मला रडू आलं.

पहाटे पावणेसातला पाणी 5.2वर थांबलं. 5.5पर्यंत आकडे असलेली 31 घरं आम्ही रिकामी केली होती, त्यातल्या 24 घरांत पाणी गेलं. आमच्याही. पण ढोलीतलं धान मंडईच्या ओट्यावर होतं, दाखले पिशवीत होते, ढोरं शाळेच्या मागे. महालक्ष्म्या त्या वर्षी शाळेच्या व्हरांड्यात बसल्या आणि 31 घरांनी मिळून एकच नैवेद्य केला.

बांधीतलं धान मात्र वाचलं नाही. चार दिवस पाणी उभं राहिलं. शेतातलं पीक उचलून शाळेत नेता येत नाही. पंचनाम्याच्या वेळी एवढं झालं की पटवारी साहेबांनी आमच्या नोंदवहीची झेरॉक्स आणि पट्टीचे तारखेसह फोटो जोडून घेतले, त्यामुळे कोणाच्या बांधीत किती दिवस पाणी होतं यावरून भांडण झालं नाही. फोटो काढताना पट्टीवरचा आकडा आणि मागे ओळखीचं झाड किंवा देऊळ, दोन्ही दिसेल असं पाहा.

त्या पुरात वाहून आलेला एक ओंडका खालच्या खांबावर आदळला आणि खांब वाकला. सरळ करून पुन्हा सिमेंट करायला 2,600 रुपये आले. दुरुस्तीचे पैसे आराखड्यात धरले नव्हते, ते पुन्हा वर्गणीतून जमवले. नवीन करणाऱ्यांनी पहिल्याच वर्षी दुरुस्तीचा एक वेगळा आयटम टाकावा. खांब सरळ केल्यावर नळीनं पुन्हा माप घ्यावं लागतं. आमचा खांब 6 सेंटीमीटर खाली बसला होता. ते न पाहता तसंच ठेवलं असतं तर आजारी माणसं हलवायची 2.5ची खूणच चुकली असती.

2025च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं. रपटा बुडला, घरांपर्यंत आलं नाही. त्या वेळी पायऱ्या जशाच्या तशा पाळल्या आणि सायरन वाजवायची वेळ आली नाही. सकाळी त्या शेळीवाल्या वहिनी घाटावर आल्या आणि काकांना चहा देऊन गेल्या.

बाकी असलेली कामंही सांगते. घाटावर रात्र काढणाऱ्या काकांना मानधन द्यायचं आहे, ते कोणत्या लेखाशीर्षाखाली द्यायचं याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. एक काका आता थकले आहेत आणि त्यांच्या मुलाला नदीची खूण तेवढी कळत नाही. म्हणून या पावसाळ्यात दोघांना सोबत बसवायचं ठरलं आहे. आमच्या खालच्या दोन गावांनी नळी मागितली, ती दिली. त्यांचा शून्य वेगळा आहे, पण आमची पट्टी 3च्या वर गेली की त्यांना फोन करायचं काम माझ्याकडे आहे.

दारांवरचे आकडे दर मे महिन्यात नव्यानं रंगवावे लागतात, एका पावसाळ्यात पांढरा रंग उडतो. गेल्या खेपेला रंगवत फिरत होतो तेव्हा टोलीच्या टोकाला एका घरकुलाचा पाया खणणं चालू होतं. मिस्त्रीकाका तिथेच होते. नळी गुंडाळून बाजूला ठेवलेली, त्यात निळं पाणी. घरमालक म्हणाले, जोतं दोन फूट पुरे, पैसे कमी आहेत. काकांनी जमिनीवर काडीनं आकडे मांडले आणि मला हाक मारली, "बाई, 2024चं पानी किती होतं, वहीत पाहून सांग बरं."

मी सांगितलं, 5.2.

त्यांनी दोरी सोडली आणि दोन विटांनी वर बांधली.